टॉवरला ‘नाही’ म्हणायचा तास

विमान उडवायला शिकणारी मुलं उंचीला भीत नाहीत. वेगाला भीत नाहीत. हवेत असताना प्रशिक्षकाने थ्रॉटल मागे ओढून ‘इंजिन गेलं, आता काय करशील’ म्हटलं, तरी पहिल्या एक-दोन वेळांनंतर निमूटपणे उतरण्याजोगं शेत शोधायला लागतात. भितात ती माईकला. हातातल्या योकवर (विमानाच्या सुकाणूवर) बोटाखाली एक बटण असतं. ते दाबलं की त्या फ्रिक्वेन्सीवर असलेला प्रत्येक जण तुमचं बोलणं ऐकणार. टॉवर ऐकणार, उतरायला येणाऱ्या एअरबसचा कॅप्टन ऐकणार, आणि फ्लाइंग स्कूलच्या ऑपरेशन्सच्या खोलीत रेडिओ लावून चहा पीत बसलेले तुमचेच मित्र तर आवर्जून ऐकणार. बटण दाबल्यावर तोंडातून ‘अं…’ निघाला, तर तो संध्याकाळी मेसमध्ये परत ऐकायला मिळतो.

मी स्वतः वैमानिक नाही. अलाहाबादच्या सीएटीसीत, म्हणजे नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालयात (तेव्हा ते अलाहाबादच होतं) शिकले आणि निवृत्त होईपर्यंत टॉवरच्या काचेआड उभी राहून विमानांना सूचना देत आले. आता त्याच सूचना घ्यायच्या कशा, ते शिकवते. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसल्यावर काही गोष्टी नव्याने दिसल्या. मुख्य म्हणजे हे, की टॉवरमधून आम्हाला जी मुलं ‘छान’ वाटायची, पटकन ‘रॉजर सर’ म्हणणारी, कधी उलट न विचारणारी, त्यांचीच मला आता जास्त काळजी वाटते.

माझ्याकडे मुलं येतात ती आरटीआरसाठी. विमानातला रेडिओ वापरायचा परवाना मिळवण्याची ही परीक्षा. वर्षानुवर्षं ती दूरसंचार खात्याकडे होती. २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणली. परीक्षक एक कल्पित उड्डाण कागदावर देतो. मग तोच टॉवर होतो, तोच अ‍ॅप्रोच (विमानतळाकडे येणारी विमानं सांभाळणारा कंट्रोलर) होतो, आणि मधूनच संकटात सापडलेलं दुसरं विमानही होतो. शिवाय तोंडी परीक्षा. मुलं त्यासाठी कुठल्या कुठल्या नोट्स मिळवतात, त्यांत संपूर्ण संभाषण छापलेलं असतं, आणि ती ते पाढ्यांसारखं घोकतात. स्टार्ट-अपपासून पार्किंगपर्यंत एका दमात. मी मध्येच वारा बदलला म्हणून धावपट्टीचं उलटं टोक दिलं, की पाढा तुटतो आणि सगळं पुन्हा एक पासून सुरू होतं.

त्यांची समजूत अशी असते की अडचण इंग्रजीची आहे. धुळे, नंदुरबार, लातूरकडची मुलं, दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरच्यांनी जमीन गहाण ठेवून किंवा कर्ज काढून पाठवलेलं. त्यांना पहिल्या दिवशी वाटतं की मुंबई-पुण्याची कॉन्व्हेंटची मुलं यात पुढे जाणार. प्रत्यक्षात बहुतेकदा उलटं होतं. कॉन्व्हेंटवाला माईक हातात घेऊन आधी गुड मॉर्निंग म्हणतो, मग ‘आम्ही विनंती करू इच्छितो की’ अशा थाटाचं लांबलचक इंग्रजी वाक्य सुरू करतो, आणि वाक्य संपेपर्यंत त्याचं विमान सर्किटमधलं (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीतलं) एक वळण चुकलेलं असतं. रेडिओवर वाक्यरचनेला किंमत नाही. कोणाला हाक मारतोय, मी कोण, मी कुठे, मला काय हवंय, या क्रमाने चार तुकडे. संपलं. एवढी भाषा दोन आठवड्यांत येते. इंग्रजीची वेगळी परीक्षा असतेच. १९९६ साली चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं आदळून ३४९ माणसं गेली, त्यानंतर भाषेचा प्रश्न गांभीर्याने घेतला गेला, आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांना इकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) इंग्रजीची चौथी पातळी सक्तीची झाली. पण ती पातळी गाठणं आमच्या मुलांना तितकंसं अवघड जात नाही.

आकड्यांचं मात्र थोडं बघावं लागतं. रेडिओवर आकडे सुटे बोलतात. सत्तावीस नंबरची धावपट्टी म्हणजे ‘टू सेव्हन’. नऊला ‘नाइनर’ म्हणायचं, कारण खरखरीत नाइन आणि फाइव्ह सारखेच ऐकू येतात. मनातल्या मनात मराठीत मोजणारं मूल ‘टू नाइनर’ ऐकून आधी एकोणतीस करतं आणि मग कागदावर दोन लिहायचे की नऊ, यावर क्षणभर अडतं. त्याला सांगते, बेरीज करायची नाहीये, ऐकशील तसं डावीकडून लिहीत जा.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती कुठल्याच नोट्समध्ये नसते. आपण आपल्या मुलांना मोठ्यांना उलट विचारायचं नाही, असं शिकवलेलं असतं. ‘कळलं का?’ या प्रश्नाला वर्गात एकच उत्तर असतं. न कळलेला मुलगा शेजाऱ्याच्या वहीत बघतो, हात वर करत नाही. हीच सवय घेऊन तो विमानात बसतो. धुळ्यासारख्या, जिथे टॉवर नाही अशा धावपट्टीवर तो महिनोन्‌महिने आपली जागा आपणच सांगत उडत असतो, समोर फक्त ओळखीचे आवाज. मग एके दिवशी एकटा क्रॉस-कंट्रीला निघून छत्रपती संभाजीनगरला येतो, आणि तिथे टॉवरमधून एक अनोळखी, घाईतला, अधिकाराचा आवाज येतो. तो आवाज काय म्हणाला हे निम्मं कळलेलं असतं. मुलगा म्हणतो, ‘रॉजर, सर.’

रॉजरचा अर्थ इतकाच, की तुमचं बोलणं मला पूर्ण मिळालं. करतो, असा त्याचा अर्थ नाही. पटलं, असाही नाही. मिळालेलंच नसताना रॉजर म्हणणं ही सरळ खोटी साक्ष आहे. म्हणून तर महत्त्वाच्या गोष्टींना नुसतं रॉजर चालत नाही. धावपट्टीवर येणं, ओलांडणं, तिच्याअलीकडे थांबणं, उड्डाण, उतरणं, उंची, दिशा, वेग, क्यूएनएच (उंची मोजायला लागणारा हवेचा दाब), ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्राचा) कोड, नवी फ्रिक्वेन्सी, हे सगळं ऐकलं तसं परत म्हणून दाखवायचं. याला रीडबॅक म्हणतात. आणि कंट्रोलरने तो रीडबॅक कान देऊन ऐकायचा असतो, हे मुलांना कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आम्हीही चुकतो. गर्दीच्या वेळी डोकं पुढच्या विमानात असतं, आणि मागचं विमान जे म्हणालं ते आम्हाला अपेक्षित तेच ऐकू येतं.

तर माझ्या वर्गात एक तास असतो, त्याला मुलांनीच ‘नाही म्हणायचा तास’ असं नाव ठेवलंय. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. एकीवर मी, एकीवर वैमानिक. चेहरा दिसत नाही, मान डोलावलेली दिसत नाही; रेडिओवर असतं तसंच. मी सूचना देते, आणि त्यांत मुद्दाम नको त्या घालते. आधीच मागे पडलेल्या टॅक्सीवेने (धावपट्टीवरून बाहेर नेणाऱ्या रस्त्याने) बाहेर पड म्हणते. ढग दोन हजार फुटांवर आहेत असं आधी सांगून मग ढगाबाहेर राहून डोळ्यांनी बघत उडणाऱ्या नवशिक्याला चार हजारांवर चढ म्हणते. एकदा आकडा पुटपुटते, एकदा तोंडावर हात धरून बोलते. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे सगळं मान्य करतात. एका मुलाने ढगात चढायचं कबूल केलं. मी ढगात, उपकरणांच्या भरवशावर उडायच्या परवान्याबद्दल विचारलं, ‘अरे, तुला इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे का?’ तर म्हणाला, ‘नाही मॅडम, पण तुम्ही सांगितलंत ना.’

‘से अगेन’ आणि ‘अनेबल’. एक पुन्हा विचारायला, एक जमणार नाही हे सांगायला. उच्चाराला दोन्ही सोपे. पण एखाद्या संस्कारी मुलाच्या तोंडून ‘अनेबल’ काढून घ्यायला मला आख्खा आठवडा लागतो. बरेच जण आधी ‘सॉरी मॅडम’ लावतात. सॉरी नको. कारणही नंतर. आधी जमणार नाही हे कळू दे, म्हणजे माझ्या डोक्यातला बेत मला बदलता येईल. तुझ्या नकाराने मला राग येत नाही, मला माहिती मिळते.

इथे मी दोन गोष्टी सांगते. पहिली २५ जानेवारी १९९० ची. कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला येत होतं. खराब हवेमुळे त्याला वाटेत तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. कॅप्टन सहवैमानिकाला सांगत होता, आणीबाणी आहे असं कळव. सहवैमानिकाने कंट्रोलरला सांगितलं ते इतकंच की आमचं इंधन संपत चाललंय, आणि तेही दुसऱ्या वाक्याच्या शेपटाला जोडून, हळू आवाजात. ‘मेडे’ नाही, ‘इमर्जन्सी’ नाही. न्यूयॉर्कच्या त्या संध्याकाळी इंधन सगळ्यांचंच कमी होतं. विमान लाँग आयलंडवरच्या टेकडीवर पडलं, ७३ जण गेले. इंधन नव्हतंच, म्हणून आगही लागली नाही. त्या सहवैमानिकाच्या मनात काय होतं ते कोण सांगणार. पण मोठ्या माणसाला त्रास द्यायचा म्हणून आवाज खाली येणं आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला ओळखीचं वाटतं.

दुसरी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरची, २७ मार्च १९७७. ती सांगण्याआधी थोडं रेडिओबद्दल सांगावं लागतं. विमानांची बोलणी ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात, आणि आजही एएम पद्धतीने. मुलं विचारतात, एफएम एवढं स्वच्छ ऐकू येतं, मग हे जुनाट कशाला? एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरकस लहर दुसरीला पार गिळून टाकते. दुसरं कुणी बोललं हेच कळत नाही. एएमवर दोघांची टक्कर होऊन शिट्टी वाजते. बोलणं बिघडतं, पण बिघडलंय हे तरी कळतं. टेनेरिफला दाट धुक्यात धावपट्टीवर दोन जंबो (बोइंग ७४७) होते, डच कंपनी केएलएमचं एका टोकाला आणि अमेरिकन कंपनी पॅन अ‍ॅमचं त्याच धावपट्टीवरून पुढे सरकत. केएलएमच्या सहवैमानिकाने आम्ही निघालोय अशा अर्थाचं काहीतरी धेडगुजरी कळवलं. कंट्रोलर म्हणाला, ‘ओके’, आणि लगेच पुढे म्हणाला की उड्डाणासाठी थांबा, मी सांगेन. त्याच क्षणी पॅन अ‍ॅमवाले सांगत होते की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ पोचलं आणि त्यामागून शिट्टी.

शिट्टी वाजली, म्हणजे इशारा मिळाला होता. आणखी एक इशाराही मिळाला. पुढच्याच क्षणी कंट्रोलर आणि पॅन अ‍ॅम यांच्यात धावपट्टी मोकळी झाली की कळवा, कळवतो, असं बोलणं झालं, आणि ते स्पष्ट ऐकू गेलं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, तो अजून बाहेर पडलेला नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, पडलाय की. हा कॅप्टन कंपनीचा ७४७ चा मुख्य प्रशिक्षक होता. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. दोन्ही विमानं आदळली, ५८३ माणसं गेली.

टेनेरिफनंतर नियम बदलले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात, एरवी ‘डिपार्चर’. ते मुलांना पाठ असतं. मी त्यांना त्या इंजिनिअरबद्दल विचारते. त्याने दुसऱ्यांदा काय म्हणायला हवं होतं? वर्ग बराच वेळ गप्प असतो. एका मुलीने एकदा सांगितलं, ‘मी ब्रेक मारले असते मॅडम, विचारलं नसतं.’ मला ते उत्तर आवडलं. ती प्रत्यक्षात मारेल का, हे मात्र मला माहीत नाही, आणि तिलाही नसावं.

हे सगळं झाल्यावर मी दिव्याकडे वळते, आणि मुलं सुटकेचा श्वास सोडतात, कारण दिव्याशी बोलायचंच नसतं.

रेडिओ बंद पडला तर टॉवर विमानाशी दिव्याने बोलतो. टॉवरमध्ये एक सिग्नल लॅम्प असतो, लाल, हिरवा आणि पांढरा उजेड फेकणारा. बहुतेक ठिकाणी छताला टांगलेला. वरच्या दुर्बिणीतून किंवा माशीतून नेम धरायचा आणि खटका दाबायचा. झोत मुद्दामच अरुंद ठेवलेला असतो, एक ते तीन अंशांचा, कारण ज्याला सांगायचंय त्यालाच दिसला पाहिजे, त्याच्या मागच्याला नव्हे. हिशोब केलात तर दोन किलोमीटरवर एक अंशाचा झोत म्हणजे जेमतेम पस्तीस मीटरचं वर्तुळ. नव्वद नॉट्सने जाणारं सेसना ते सेकंदाच्या आत ओलांडतं. म्हणजे हात विमानासोबत फिरत राहिला पाहिजे, आणि वैमानिकाने नेमकं त्याच वेळी टॉवरकडे पाहिलं पाहिजे. दुपारच्या उन्हात हे किती कठीण असतं ते टॉवरमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मी मात्र तो लॅम्प विमानांपेक्षा ट्रॅक्टरसाठी जास्त वापरला. पावसाळा संपला की धावपट्टीच्या कडेचं गवत छातीएवढं वाढतं, कंत्राटदाराची माणसं कापायला येतात, त्यांच्या मुकादमाकडे वॉकीटॉकी असतो आणि तो नेमका ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू येत नाही. लाल लुकलुकता दाखवला की धावपट्टीपासून दूर हो आणि विमानाकडे लक्ष ठेव. स्थिर लाल म्हणजे थांब. हिरवा लुकलुकता म्हणजे ओलांडायला हरकत नाही. पांढरा लुकलुकता म्हणजे सगळं आवरून बाहेर पड. मुकादम टोपी काढून हलवायचे. पुस्तकात टोपी नाही, पण उत्तर पोचायचं.

विमानांसाठीची यादी मी वर्गाबाहेर शिकवते, संध्याकाळी, मैदानात. टॉर्चवर गणपतीच्या सजावटीतलं उरलेलं लाल-हिरवं जिलेटिन गुंडाळायचं. मुलं हात पसरून मैदानाभोवती सर्किट चालतात, डाउनविंड, बेस, फायनल या त्याच्या बाजू, फायनल म्हणजे धावपट्टीसमोरची शेवटची. हवेत असताना स्थिर हिरवा, उतर. स्थिर लाल, दुसऱ्याला वाट दे आणि फिरत राहा. हिरवा लुकलुकता, उतरण्यासाठी परत ये, परवानगी नंतर मिळेल. लाल लुकलुकता, विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नकोस. पांढरा लुकलुकता, इथेच उतर आणि एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागी) ये. जमिनीवर तेच रंग निराळं बोलतात: स्थिर हिरवा म्हणजे उड्डाण, लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सी, स्थिर लाल म्हणजे थांब, लुकलुकता लाल म्हणजे धावपट्टी सोड, पांढरा म्हणजे जिथून निघालास तिथे परत जा. पांढऱ्यात सगळे अडकतात, दरवर्षी.

दिवा मिळाला की पंख हलवायचे, म्हणजे मैदानात दोन्ही हात. रात्री लँडिंग लाइट दोनदा लावून विझवायचे. बेस आणि फायनलवर पंख हलवायचे नसतात, तिथे वेग कमी आणि जमीन जवळ; उत्साही मुलं तिथेही हलवतात आणि मैदानातल्या पोरांत त्यांचं हसं होतं. शेजारच्या सोसायटीतले आजोबा रोज फेऱ्या मारता मारता हे बघायचे. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, ‘कसली कवायत?’ मी सांगितलं. ते म्हणाले, मग मोबाइल नसतो का त्यांच्याकडे? प्रश्न बरोबर आहे, आणि खरंच काही जण हवेतून टॉवरच्या फोनवर फोन करतातही.

हे दिवे रेडिओपेक्षा जुन्या गरजेतून आले. १९२९ साली सेंट लुईसच्या विमानतळावर आर्ची लीग नावाचा माणूस दोन झेंडे घेऊन उभा राहायचा, एक थांब म्हणायला, एक जा म्हणायला. १९३२ साली जेआरडी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हताच. मुलांना हे ऐकून विशेष काही वाटत नाही. त्यांना वाटतं ते याचं, की अमेरिकेत रंग ओळखण्यात कच्च्या ठरलेल्या उमेदवारांची दृष्टी कित्येक वर्षं टॉवरच्या याच दिव्याने तपासत असत. मग सगळे एकमेकांना जिलेटिन दाखवत बसतात.

प्रत्यक्षात शिकाऊ विमानाचा रेडिओ बंद पडतो म्हणजे काय होतं, तर बहुतेकदा हेडसेटचा जॅक सैल झालेला असतो किंवा आवाज कमी केलेला असतो. किंवा सह्याद्रीच्या एखाद्या रांगेमागे खाली उडताना टॉवर आडोशाला गेलेला असतो. या लहरी सरळ रेषेत जातात, हजार फुटांवरून मोकळ्या मैदानातही चाळीसेक सागरी मैलांपुढे पोचत नाहीत. म्हणून आधी ते तपासायचं, मग मागच्या फ्रिक्वेन्सीवर हाक मारायची, ट्रान्सपाँडरवर ७६०० (रेडिओ बंद पडल्याचा कोड) लावायचं, ऐकू येवो न येवो आपण काय करतोय ते बोलत राहायचं, आणि टॉवरकडे बघत सर्किटमध्ये यायचं. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे बटण दाबलेलं अडकणं. मग त्या एका विमानामुळे कुणालाच बोलता येत नाही, आणि आम्ही टॉवरमध्ये बसून कॉकपिटमधलं सगळं ऐकतो. मी एका प्रशिक्षकाकडून अस्सल खानदेशी शिव्यांचा असा काही संग्रह ऐकलाय की ड्यूटी संपेपर्यंत आमचा टॉवर गंभीर होऊ शकला नाही.

यंदाच्या बॅचमध्ये मैदानातली कवायत संपल्यावर लातूरकडचा एक मुलगा मागे थांबला. बोलायला जरा कमीच. म्हणाला, ‘मॅडम, रेडिओवर अनेबल म्हणता येतं. दिव्याला कसं म्हणायचं?’

मी विचारलं, म्हणजे काय?

‘म्हणजे माझा रेडिओ गेलाय, इंजिनही खोकतंय, आणि टॉवर मला स्थिर लाल दाखवतोय. फिरत राहा म्हणतोय. मी पंख हलवले तर त्याला वाटणार मी फिरत राहतो. नाही हलवले तर वाटणार मला दिसलंच नाही.’

मी त्याला जे सांगितलं ते नियमातलंच आहे. विमानाचा कमांडर तू आहेस, संकटात नियम मोडायचा अंतिम अधिकार तुझा. लाल का आहे ते आधी बघ. धावपट्टीवर काही उभं असेल तर ते टाळ, दुसरं विमान असेल तर त्याला टाळ. पंख हलवू नकोस. लँडिंग लाइट चालू ठेव आणि उतर. मी टॉवरमध्ये असते तर ते बघून बाकीच्यांना बाजूला केलं असतं आणि फायरवाल्यांना घंटा दिली असती.

‘आणि मग?’

‘मग टॉवरमध्ये येऊन सही करून लेखी द्यायचं, की लाल दिवा दिसला होता आणि तरी उतरलो.’

‘दिसला होता असं लिहायचं?’

‘हो. दिसला नाही असं लिहिणारे फार भेटलेत मला.’

त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या अहवालाचा नमुना मागितला. मी म्हटलं, सोमवारी आणते.